धाप लागली की जीव घाबरतो: घरच्यांनो, या चुका टाळा

सोयाबीनची मळणी सुरू होऊन थ्रेशरचा भुसा उडायला लागला की सीओपीडीवाल्यांची, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार असलेल्यांची, धाप वाढते. जन्मभर चुलीत पऱ्हाट्या जाळलेल्या बाया, बिडी ओढणारी माणसं, सगळ्यांचीच. धापेनं जीव घाबरतो, घाबरलं की धाप वाढते. अशात घरचे मदतीला धावतात आणि नेमकं उलटं करतात.

"मोठा श्वास घ्या, बाबा!" ही त्यातली सगळ्यात मोठी चूक. या आजारात खरी अडचण हवा बाहेर पडण्याची असते. अरुंद झालेल्या नळ्यांतून ती पुरती निघत नाही, आत कोंडते. मग नवा श्वास ओढायला जागा उरत नाही. भराभर श्वास घेतला की कोंडी आणखी वाढते. म्हणून श्वास सोडायला सांगा. खाटेच्या काठावर बसवा, पुढं झुकून कोपरं मांड्यांवर टेकू द्या. नाकानं घ्यायचा, ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा. घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ. समोर बसून तुम्हीही तसंच करा, बघून लवकर जमतं. चेहऱ्यावर हातपंख्यानं वारा घाला, त्यानं धाप कमी जाणवते. आणि दारात जमलेल्या शेजाऱ्यांना आधी घरी पाठवा! हे सगळं बरं असतानाच शिकून ठेवा, ऐन धापेत नवं काही डोक्यात शिरत नाही.

"पंपाची सवय लागते" म्हणून श्वासातून औषध घ्यायचा पंप (इनहेलर) लपवू नका. सवय लागत नाही. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉल या औषधाच्या पंपानं हात थरथरतात, छाती धडधडते, ते बहुधा थोड्या वेळात ओसरतं. हे आधी सांगून ठेवलं नाही तर माणूस त्यानंच घाबरतो. पंप नेहमीपेक्षा जास्त लागू लागला तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

शेजाऱ्याच्या पट्टीतली झोपेची गोळी तर नकोच. तिनं श्वास मंदावू शकतो.

"तुम्ही बसा, आम्ही करतो" हेही मायेपोटीच होतं. पण वावर सुटलं, लग्नकार्य सुटलं की पायातली ताकद जाते, मग अंगणापर्यंतही दम लागतो. झेपेल तेवढं रोज चालू द्या. जेवण-झोप उडाली, "आता कशाला जगायचं" असं बोलणं आलं, तर म्हातारपण म्हणून सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्री-बेरात्रीही फुकट बोलता येतं.

ओठ निळे पडले, वाक्य पुरं होईना, गुंगी आली, बरळायला लागले किंवा छातीत दुखू लागलं, तर "घाबरलेत" म्हणत थांबू नका. १०८ लावा. गाडी आली की सीओपीडी आहे हे आधी सांगा, या रुग्णांना ऑक्सिजन मोजूनमापून द्यावा लागतो.