मिशन कंट्रोलचं काउंटडाउन एकाच लॅपटॉपवर मागे पडतं? टॅब तपासा

आमच्या मिशन कंट्रोलच्या सरावात काउंटडाउन प्रत्येक लॅपटॉपवर ब्राउझरच्या पानात चालतं. लक्षण असं: टी उणे २० मिनिटांना (उड्डाणाला २० मिनिटं बाकी) सगळ्या कन्सोलची, म्हणजे प्रत्येकाच्या लॅपटॉपवरची, घड्याळं जुळलेली. टी उणे १० ला फ्लाइट डायरेक्टर (मोहिमेचा प्रमुख) 'गो की नो-गो', म्हणजे पुढे जायचं की थांबायचं, विचारतो, तेव्हा टेलिमेट्रीच्या (यानाकडून येणारी माहिती पाहणाऱ्याच्या) लॅपटॉपवर मात्र १४:५५. कॅपकॉमचं (अंतराळवीरांशी बोलणाऱ्याचं) घड्याळ बरोबर.

वाय-फायऐवजी केबल लावली, लॅपटॉप बदलला, सिस्टीमची वेळ जुळवली, फरक शून्य. दोन पूर्ण सराव यात वाया गेले, फार चीड आली.

दोष मोजण्याच्या पद्धतीत होता. पान दर टिकेला, म्हणजे टायमरच्या प्रत्येक ठोक्याला, एक सेकंद वजा करत होतं. टेलिमेट्रीवाला दुसऱ्या टॅबवर गेला, की पाच मिनिटांनंतर क्रोम लपलेल्या टॅबचा टायमर मिनिटाला एकदाच चालवतं. कॅपकॉमच्या पानावर व्हॉइस लूप (सगळ्यांचं आपसातलं बोलणं ऐकवणारा आवाज) चालू, म्हणून ते पान यातून सुटलं. दिशाभूल करणारा धागा हाच!

आधी टी-शून्य (उड्डाणाचा क्षण) ही पक्की घड्याळी वेळ म्हणून सर्व्हरवर ठेवा, उदाहरणार्थ ११:३०:००. मग प्रत्येक टिकेला 'टी-शून्य वजा आत्ताची वेळ' एवढंच दाखवा. वजाबाकीचा काउंटर पूर्ण काढून टाका. टिक २५० मिलिसेकंदांची, आणि टॅब पुन्हा समोर येताच लगेच नव्याने हिशेब.

होल्ड लागला, म्हणजे काउंटडाउन मधेच थांबवलं, की उरलेली वेळ गोठवा. होल्ड सुटताना आत्ताची वेळ अधिक उरलेली वेळ म्हणजे नवा टी-शून्य. तो सगळ्या कन्सोलना पाठवा. इथे सिस्टीमची वेळ जुळलेली हवीच, म्हणून सरावाआधी प्रत्येक लॅपटॉप इंटरनेटवरून सिंक करा.

तपासणी: टॅब दहा मिनिटं लपवून परत उघडा. आकडा मुख्य पडद्याशी सेकंदाला जुळला पाहिजे.