पीकविम्याच्या गर्दीआधी कॉम्प्युटरची तयारी

जुलै लागला की आमच्या यवतमाळकडच्या गावांत पीकविम्याची रांग लागते, आणि नेमका तेव्हाच फॉर्म अर्ध्यात असताना कॉम्प्युटर फटकन बंद होऊन आपला आपण सुरू होतो. म्हणून हे सगळं जूनमध्येच उरकायचं.

पहिली वस्तू लागते ती वही. ती पेनासकट टेबलाला दोरीने बांधून ठेवा, नाहीतर पेन रांगेतल्या माणसाबरोबर घरी जातो. मशीन असं बंद पडलं की वेळ लिहायची आणि त्या घडीला आजूबाजूला काय सुरू झालं तेही, म्हणजे कूलर, शेजारची पिठाची गिरणी, प्रिंटर. माझ्या वहीत आठ दिवसांत सहा नोंदी झाल्या आणि त्यांतल्या पाचांपुढे ‘सातबारा काढला’ असं लिहिलेलं होतं. तोवर मी तालुक्याला दोन चकरा मारून रॅम बदलून बसलो होतो! दुखणं लेझर प्रिंटरचं निघालं. त्याचा रोलर तापताना एकदम शेकड्यांनी वॅट ओढतो, आणि मी तो यूपीएसवरच, म्हणजे लाइन गेल्यावर बॅटरीवर कॉम्प्युटर चालवणाऱ्या पेटीवरच लावलेला. ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅटचीच ताकद, त्यात बॅटरी म्हातारी. लेझर प्रिंटर आणि कूलर भिंतीतल्या सॉकेटातच लावा.

यूपीएस तपासायला कॉम्प्युटर पणाला लावू नका. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब यूपीएसला जोडा, भिंतीतली पिन काढा आणि घड्याळ बघा. दोन-तीन मिनिटांतच बल्ब विझला तर त्यातली १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी बदलायची वेळ झाली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती दोन-तीन वर्षांच्या वर फारशी टिकत नाही.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीम. तिथे लाल खुणेचं ‘क्रिटिकल, कर्नल-पॉवर, ४१’ दिसलं की लोक घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. कारण त्यात बहुधा नसतं. तरी डिटेल्समध्ये दोन आकडे बघा. बगचेककोड (विंडोज कोसळल्याचा क्रमांक) शून्य असेल तर लाइन, यूपीएस, एसएमपीएस (कॉम्प्युटरमधली वीज पुरवणारी पेटी) किंवा मशीन गोठणं यांकडे आधी बघा. शून्य नसेल तर विंडोज स्वतः कोसळलं, जसं १५९ असेल तर ड्रायव्हरकडे, म्हणजे एखादा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे बोट जातं. पॉवरबटनटाइमस्टॅम्प शून्य नसेल तर कुणीतरी बटण दाबून धरलंय. आमच्याकडे तो भाचा होता. ४१ ऐवजी १०७४ दिसलं तर रीस्टार्ट रीतसर सांगून झालाय, बहुतेक अपडेटमुळे. जाताजाता विंडोजच्या स्टार्टअप अँड रिकव्हरी सेटिंगमधली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढून टाका, म्हणजे विंडोज कोसळल्यावर येणारा निळा पडदा थांबेल आणि मोबाइलवर फोटो काढता येईल.

अर्थिंगचं सगळे टाळतात. मल्टीमीटरने फेज-न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टांच्या आत हवं. जास्त आलं तर वायरमनला बोलवा, आणि मे महिन्यात अर्थिंगच्या कोळसा-मिठाच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा.

पिन काढून कॅबिनेट उघडा. कापसाच्या दिवसांत उडालेले तंतू हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर गोधडीसारखे बसलेले असतात. ब्रशने काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. तापल्यामुळे मशीन पडलं तर ते बहुधा बंद होऊन गप्प राहतं, लगेच उठत नाही. कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका, ओली हवा आणि धूळ मिळून आत चिखल होतो. एसएमपीएसची पेटी मात्र उघडायची नाही, पिन काढल्यावरही आत करंट साठलेला असतो.

कॉम्प्युटर दुरुस्तीला तालुक्याला न्यायचाच झाला तर आधी ग्राहकांची कागदपत्रं पेनड्राइव्हवर काढा. सोबत वही, फोटो, पॉवरची केबल आणि यूपीएससुद्धा घ्या. नुसती कॉम्प्युटरची पेटी नेली की दुकानदार आपल्या चांगल्या लाइनीवर लावतो, “भाऊ, हा तं मस्त चालून राहिला” म्हणतो आणि आपण ती पोत्यात घालून तशीच एसटीने परत आणतो.