पर्सच्या हँडलला लोकरीचं कव्हर

लेदरसारख्या दिसणाऱ्या पर्सचं पहिल्यांदा हँडल जातं. बाकी पर्स ठणठणीत, चेन चालू, अस्तर शाबूत. हाताला मात्र काळे पोपडे चिकटतात. वरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत सुटत जातो, आणि डोंबिवलीत हवा दमट नसते कधी? मूठ फिरवून चालवायचं गोल विणकामाचं मशीन घरात असेल, तर नवी पर्स घेण्याआधी हे करून बघा.

मशीन 22 सुयांचं हवं. 48 सुयांचं टोप्यांना छान, इथे फार रुंद. बरेच जण कव्हरसाठी सपाट पट्टी विणतात. मला ते पटत नाही. सगळी वीण सुलट असल्यामुळे पट्टीच्या कडा आत वळतात आणि शिवताना जीव नकोसा होतो. त्यापेक्षा सरळ गोल नळी विणायची आणि ती चपटी करायची. पट्टी आपोआप दुपदरी होते, कडा वळत नाहीत, हाताला मऊ लागते.

लोकर मध्यम जाडीची, साधी अॅक्रिलिक. केसाळ लोकर सुयांत अडकते. सुती दोऱ्याला ताण नसतो, त्यामुळे टाके गळतात. रंग गडदच घ्या. घामाचा हात आहे.

सुरुवात वेगळ्या रंगाच्या टाकाऊ लोकरीने. शेपूट मशीनच्या मधल्या पोकळीत सोडा. वेगळ्या रंगाची सुई असते ती पहिली. तिच्या आकड्यात दोरा अडकवा, पुढच्या सुईच्या मागून न्या, त्यापुढचीच्या आकड्यात, असं एकाआड एक, मूठ अगदी हळू फिरवत. फेरी पुरी झाली की दोरा मार्गदर्शक खाचेत घाला आणि पाच-सहा फेऱ्या विणा. मग पहिल्या सुईपाशी थांबून टाकाऊ लोकर कापा आणि खरी लोकर लावा. तिचं हातभर शेपूट आत सोडायला विसरू नका, पुढे शिवायला तेच लागतं.

आता साधारण 40 फेऱ्या. माझ्या लोकरीला यात 12 सेंटिमीटरच्या आसपास लांबी येते. तुमची लोकर वेगळी असेल तर आधी छोटा तुकडा विणून मोजा. वेग एकसारखा ठेवा आणि नजर सुयांवर ठेवा. एखाद्या आकड्यात दोरा बसला नाही तर तिथेच थांबून क्रोशाच्या सुईने टाका उचलून द्या. चार फेऱ्या पुढे गेल्यावर तेच काम किचकट होतं.

शेवटी पुन्हा हातभर शेपूट ठेवून लोकर कापा, टाकाऊ लोकरीच्या पाच-सहा फेऱ्या विणा, तीही कापा आणि दोरा न लावता मूठ फिरवा. नळी खाली पडते. ती बघून निराश होऊ नका; टाके विस्कटलेले, मधे शिडीसारख्या फटी. आधी लांबीत ओढा, मग रुंदीत, पुन्हा लांबीत. टाके जागेवर बसतात. माप यानंतरच घ्यायचं. चपटी पट्टी साधारण 9 सेंटिमीटर रुंद भरते.

एक टोक बंद करा. बोथट जाड सुईत शेपूट ओवून समोरासमोरचे दोन टाके एकत्र घेत जा. खऱ्या लोकरीचा एकही टाका राहता कामा नये, तो सुटला की उसवतं. मग टाकाऊ लोकर काढून टाका.

दुसरं टोक बंद करण्याआधी आत जुन्या सुती साडीच्या काठाचा तुकडा सरकवा, पट्टीपेक्षा किंचित लहान. नुसत्या लोकरीवर टिचबटणं लावली तर उघडताना टाके ताणून भोकं पडतात. काठावर पक्की बसतात. साडीचा काठ पदरापेक्षा घट्ट विणलेला असतो, म्हणून काठच.

पट्टी हँडलभोवती गुंडाळा, जिथे एकावर एक येते तिथे खूण करा आणि तीन टिचबटणं काठातून टाके घेत लावा. खूण करताना पट्टी थोडी ताणूनच धरा, नाहीतर कव्हर हँडलवर फिरत राहतं. हँडल बारीक असतील तर दोन्ही एकत्र गुंडाळा. भाजीची पिशवी धरल्यासारखी पकड येते.

धुवायला बटणं उघडायची, साबणाच्या पाण्यातून काढायचं, सावलीत वाळवायचं. इस्त्री नको, अॅक्रिलिक कायमचं लुळं पडतं.