प्रदर्शनाची तयारी: आधी फोटो, मग हात

घराघरांतून मागून आणलेली व्यक्तिचित्रं, रेखाटनं आणि चिनी मातीची नक्षीदार भांडी बेळगावात मांडायची, तर तारीख पावसाळा टाळून धरा. इथल्या जून-सप्टेंबरच्या दमट हवेत कागद फुगतो, बुरशी येते. हॉल, परवानगी, पत्रिका तुम्हाला ठाऊकच.

राहून जाते ती स्थितीची नोंद. वस्तू मालकाच्या घरात आहे तशीच, जागची न हलवता, समोरून फोटो. मग सावकाश फिरवून मागचा, तळाचा. टवका, चीर, उडालेला वर्ख, फ्रेमचा सुटलेला कोपरा, सगळं शेजारी फुटपट्टी ठेवून. बेळगावचे चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्या हातचं व्यक्तिचित्र मिळालं तर मागचं लिखाणही. खाली मालकाची आणि तुमची, दोघांच्या सह्या. शहापूरहून आणलेल्या बशीला हॉलवर टवका दिसला, तर तो आजोबांच्या काळातला की आजच्या टेंपोतला, हे नोंद नसेल तर कोण सांगणार? ‘घरचीच माणसं, सही काय मागायची’ म्हणू नका. घरच्यांचीच आधी घ्या.

भांड्याला नखाने हलकी टिचकी मारा. टण् वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर चीर असणार, तीही नोंदीत. कानाला धरून उचलू नका, जोड तिथेच सुटतो. एक हात तळाखाली हवा. सुती हातमोजे झिलईवर घसरतात, धुतलेले कोरडे हात बरे. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई लागते. झाकण वेगळं बांधा. खानापूरहून येणाऱ्या बशा खोक्यात उभ्या लावा; चळत केली की हादऱ्याला खालची जाते.

रेखाटनांवर 50 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), तैलचित्रांवर 200, त्याहून जास्त उजेड नको. खिडकीचं ऊन तर अजिबात नको. कागद काचेला टेकू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट. कोळशाच्या चित्रावर काचेऐवजी ॲक्रिलिकचा पारदर्शक पत्रा लावू नका. पुसताना त्यावर विद्युतभार येतो आणि भुकटी ओढली जाते.

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 150 सेंमी, प्रत्येकाला दोन हुक. भांडी दारापासून लांब, तळाला मेणाचे ठिपके. लेबलं मराठी, कन्नड, इंग्रजीत. कन्नड मजकूर जाणकाराकडून वाचून घ्या.

उतरवताना घाई होतेच. तरी परत देताना तीच नोंद काढा, तेच फोटो शेजारी धरा, पुन्हा सह्या. मगच चहा.