‘सॅम्पल लहान होतं’ लिहून थांबू नका: सायकॉलॉजीच्या पेपरवर क्रिटिकल रिस्पॉन्स

एखाद्या पेपरवर, म्हणजे शोधनिबंधावर, क्रिटिकल रिस्पॉन्स द्या, म्हणजे त्याची चिकित्सा करा म्हटलं की बरेच जण पानभर समरी लिहितात आणि शेवटी ‘सॅम्पल लहान होतं, अजून संशोधन हवं’ असं चिकटवून मोकळे होतात. हे वाक्य कुठल्याही पेपरखाली खपतं, मग मार्क कशाचे द्यायचे?

समरी चार-पाच ओळींत उरका. अ‍ॅब्स्ट्रॅक्टवर (सुरुवातीच्या सारांशावर) विसंबू नका, आधी मेथड वाचा, कोणाला घेतलं, त्यांना काय करायला लावलं, मोजलं काय, आणि मग डिस्कशनमध्ये बघा की मोजलंय एक आणि दावा दुसराच असं कुठे झालंय का. ती फट म्हणजे तुमचा मुद्दा.

आता मार्शमॅलोवाला (ती मऊ गोड गोळी) प्रयोग घ्या. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेलनी स्टॅनफर्डच्या नर्सरीतल्या मुलांना सांगितलं, आत्ता एक खा नाहीतर थांबून दोन घे. जी जास्त थांबली त्यांचे पुढे एसएटी (अमेरिकेतली कॉलेज प्रवेशाची परीक्षा) स्कोअर चांगले आले असं 1990 च्या पेपरात दिसलं, पण ज्या गटात ते दिसलं त्यातले एसएटीचे आकडे फक्त 35 मुलांचे. यावर ‘सॅम्पल लहान’ लिहाल तर फसाल, कारण लेखकांनी स्वतःच तिथे म्हटलंय की त्यामुळे संबंध फुगलेला असू शकतो. त्यांचीच कबुली त्यांना काय ऐकवायची! त्यापेक्षा विचारा, एकाच युनिव्हर्सिटीच्या नर्सरीतली मुलं, मग वेगळ्या परिस्थितीतल्या मुलांचं काय?

इथे दुसरा पेपर कामाला येतो. 2018 मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी 900 हून जास्त मुलांचा डेटा तपासला, तर थांबणं आणि पंधराव्या वर्षीची शैक्षणिक प्रगती यांचा संबंध आधीच्या निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती, लहानपणची बौद्धिक क्षमता वगैरे हिशोबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश गळाला. अर्थात हा पेपरही ब्रह्मवाक्य नाही, त्यात मुलांना जास्तीत जास्त 7 मिनिटंच थांबायचं होतं, हेही लिहा, मास्तर खूश होतात.

आणि हो, एकच मुद्दा धरा. पाच मुद्दे एकेका ओळीत उडवण्यापेक्षा एकाचा पिच्छा पुरवा, की या त्रुटीमुळे निष्कर्षातला नेमका कुठला भाग डळमळतो आणि कुठला तरीही टिकतो. टिकणारा भाग बहुतेक जण लिहीतच नाहीत.