सूक्ष्म स्वर कागदावर कसे लिहावेत? भातखंडे लिपीला एका बाणाची जोड

भातखंडे लिपीत, म्हणजे हिंदुस्थानी संगीत लिहिण्याच्या रूढ पद्धतीत, दरबारी रागाचा कोमल गंधार आणि भीमपलास रागाचा कोमल गंधार अगदी सारखे दिसतात: ग, आणि त्याखाली एक आडवी रेघ. कानाला मात्र ते दोन निराळे स्वर आहेत. हा लिपीचा दोष मानू नये. बंदिशीचा सांगाडा टिकवायला बारा स्वर पुरतात, आणि ते काम तिनं आजवर चोख केलं आहे. पण एखाद्याचं गाणं बारकाईनं अभ्यासायचं असेल, हार्मोनियमवर न मिळणारी जागा शिष्याला दाखवायची असेल, तर श्रुती, म्हणजे बारा स्वरांच्या अधल्यामधल्या सूक्ष्म जागा, लिहिण्याची सोय हवी. त्यासाठी नवी लिपी शिकायची गरज नाही. एक बाण आणि थोडी मोजणी एवढ्यावर काम भागतं.

१. आधी साधं लिहून काढा

बंदिश किंवा आलाप नेहमीच्या भातखंडे पद्धतीनं पूर्ण लिहा: मात्रा, सम, खाली, कण (मुख्य स्वराला चाटून जाणारा स्वर), मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) सगळं. सूक्ष्म खुणा नंतर. दोन्ही एकदम करायला गेलं की ताल चुकतो.

संगणकावर किंवा फोनवर लिहिणाऱ्यांसाठी एक फार उपयोगी गोष्ट. युनिकोडमध्ये वेदपाठासाठी अनुदात्त (क्रमांक ०९५२) आणि उदात्त (०९५१) ही चिन्हं आहेत. अनुदात्त अक्षराखाली आडवी रेघ देतं, उदात्त अक्षरावर उभी रेघ देतं. म्हणजे कोमल गंधार ग॒ आणि तीव्र मध्यम म॑ असे थेट टंकता येतात. मंद्र सप्तकाच्या टिंबासाठी नुक्ता चालतो: नि़.

२. षड्ज मोजा, गृहीत धरू नका

‘काळी चार’ (पेटीची चौथी काळी पट्टी) म्हटलं की २०७.७ हर्ट्झ, हे पुस्तकात ठीक. तंबोरा थोडा उतरलेला असतो, जुन्या ध्वनिमुद्रणाची गती बदललेली असते. त्यामुळे त्याच ध्वनिमुद्रणातला षड्ज मोजायचा. प्राट आणि सॉनिक व्हिज्युअलायझर ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात आणि दोन्हींत स्वराची कंपनसंख्या दिसते. स्वतःचं गाणं मुद्रित करत असाल तर तंबोरा हेडफोनमध्ये ठेवा आणि फक्त आवाज मुद्रित करा. तंबोरा-तबल्याच्या गर्दीत ही साधनं गोंधळतात, कधी स्वर थेट एक सप्तक वर-खाली दाखवतात.

३. अंतर सेंटमध्ये काढा

अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ मध्ये मांडलेलं हे माप सोपं आहे: एका सप्तकाचे १२०० सेंट, आणि आजच्या हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये १००. स्वराच्या कंपनसंख्येला षड्जाच्या कंपनसंख्येनं भागा, त्याचा दोनच्या पायाचा लॉगॅरिदम घ्या आणि १२०० नं गुणा.

समजा षड्ज २०७.७ आणि यमनमध्ये ठरलेला गंधार २६० हर्ट्झ आला. भागाकार १.२५१८, उत्तर ३८९ सेंट. हार्मोनियमचा गंधार ४०० वर असतो. तंबोऱ्याची जवारी (तारेचा झंकार खुलवणारी घोडीची ठेवण) नीट लागली असेल तर खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या, तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो ३८६ वर. म्हणजे गाणारा पेटीशी नव्हे, तंबोऱ्याशी मिळाला आहे. हे कानानंही तपासता येतं. याच षड्जावर तंबोरा छेडून पेटीचा गंधार धरा. पेटीचा स्वर आणि खर्जातला गंधार यांच्यात सेकंदाला सुमारे चार हेलकावे ऐकू येतील.

४. पाया ठरवा आणि मग बाण द्या

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. ‘थोडा चढा’ किंवा ‘अतिकोमल’ म्हणजे कशापेक्षा, हे ठरलेलं नसेल तर कुठलीही खूण निरर्थक आहे. मी षड्ज-पंचम भावाची साखळी (स्वराचा पंचम, त्याचा पुन्हा पंचम, अशी दोन्ही दिशांनी) पाया धरायचं सुचवेन. तिच्यातून बिनबाणाचे बारा स्वर असे येतात:

सा ०, रे॒ ९०, रे २०४, ग॒ २९४, ग ४०८, म ४९८, म॑ ६१२, प ७०२, ध॒ ७९२, ध ९०६, नि॒ ९९६, नि १११०.

आता एका बाणाची किंमत ८१/८० या गुणोत्तराइतकी, म्हणजे सुमारे २२ सेंट धरा. कोमल स्वर आणि शुद्ध मध्यम यांना वर जाणारा बाण, बाकीच्यांना खाली येणारा: रे॒↑ ११२, रे↓ १८२, ग॒↑ ३१६, ग↓ ३८६, म↑ ५२०, म॑↓ ५९०, ध॒↑ ८१४, ध↓ ८८४, नि॒↑ १०१८, नि↓ १०८८. षड्ज-पंचम अचल, बाकी दहा स्वरांची दोन-दोन रूपं. मोजून पाहा, बरोबर बावीस होतात.

बाणाची ही युक्ती पाश्चात्त्य सूक्ष्मस्वर-लेखनातून घेतली आहे. मार्क साबाट आणि वोल्फगांग फॉन श्वाइनित्स या संगीतकारांच्या पद्धतीत याच ८१/८० साठी बाण आहे आणि पायाही पंचमांच्या साखळीचाच. अमेरिकन संगीतकार बेन जॉन्स्टन त्यासाठी अधिक-उणे चिन्हं वापरत, पण त्यांचा पाया वेगळा होता. तुर्कस्तानात एका पूर्ण स्वराचे नऊ कोमा (बारीक भाग) मानून निरनिराळी चिन्हं केली आहेत. इराणात संगीतज्ञ अली नकी वझिरी यांनी सूक्ष्म स्वरांसाठी कोरोन (उतरा) आणि सोरी (चढा) ही चिन्हं आणली. आपल्या कामाला बाण सर्वांत सोयीचा, कारण तो देवनागरी अक्षराशेजारी सुटसुटीत बसतो.

आपला यमनचा गंधार ३८९ होता, म्हणून लिहायचं ग↓ आणि त्यावर बारीक +३. ओळ अशी दिसेल: नि़↓ रे ग↓, रे सा.

५. प्रत्येक स्वराला बाण देऊ नका

न्यासाचे (जिथे गाणं विसावतं ते) आणि निदान अर्धा-पाऊण सेकंद ठरलेले स्वरच मोजा. तानेतल्या स्वराचे सेंट लिहिण्यात अर्थ नाही.

मींडेवर फक्त कमान, सुरुवातीचा स्वर, शेवटचा स्वर आणि मध्ये आवाज कुठे रेंगाळला तर ती जागा. दरबारीच्या आंदोलित (सावकाश झुलणाऱ्या) गंधाराला तर एक आकडा देणंच चूक आहे. तिथे ग॒ वर नागमोडी रेघ काढा आणि खाली दोन टोकं लिहा, समजा २६०–३००, शिवाय एका मात्रेत किती आंदोलनं होतात तेही. हा गंधार सरासरीत नसतो, त्याच्या हलण्यात असतो.

६. आकडा श्रुतीत कोंबू नका

संगीताचे अभ्यासक देवल आणि क्लेमेंट्स यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला बावीस श्रुतींची गुणोत्तरं ठरवली, श्रुति-हार्मोनियमही करवून घेतला, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर वाद झाला. पुढे १९६३ मध्ये जैराझभॉय आणि स्टोन या संशोधकांनी प्रत्यक्ष वादन मोजलं, तेव्हा एकाच वादकाचा एकाच रागातला गंधारही हलता आढळला. म्हणून बाण हा जवळचा टप्पा सांगतो, आणि वरचा बारीक आकडा प्रत्यक्षात काय गायलं गेलं ते सांगतो. ३९७ आलं तर ते ३८६ आणि ४०८ यांच्या अगदी मधोमध आहे. तिथे बाण न देता नुसता ३९७ लिहावा. सोयीसाठी शास्त्राकडे ढकललेला स्वर हा गाणाऱ्यावर अन्याय आहे.

७. माथ्यावर चार ओळी आणि एक परीक्षा

पानाच्या वर षड्ज किती हर्ट्झ, पाया कोणता, बाणाची किंमत किती आणि लय काय, हे लिहून ठेवा. मग ते पान, मूळ गाणं न ऐकवता, तंबोऱ्यावर बसलेल्या दुसऱ्या कुणाला तरी गायला द्या आणि तेही मुद्रित करा. ठरलेल्या स्वरांत पाच-सात सेंटचा फरक येणारच. फरक त्याहून बराच मोठा असेल तर आधी खुणेकडे पाहा: बहुतेक वेळा तिथे बाण नव्हे, मींड किंवा कण लिहायचा राहिलेला असतो.