ध्रुवावरचा बर्फ वितळला की काय होतं, हे मुलांना कसं समजवायचं? दोन भांडी आणि एक दगड घ्या

सुरुवात पांढऱ्या अस्वलाच्या चित्राने करू नका. मुलं 'अरेरे' म्हणतात आणि खेळायला पळतात. किनाऱ्यावरच्या मुलाला बर्फ ठाऊक असतो तो बंदरावरचा, लादी फोडून बांगड्यांवर पसरलेला, टोपलीखालून पाझरणारा. तिथूनच विषय काढा.

१. दोन भांडी

दोन सारखी काचेची भांडी घ्या. एकात पाणी ओतून बर्फाचे आठ-दहा खडे सोडा. दुसऱ्यात दगड ठेवा, तो अर्धा बुडेल एवढं पाणी घाला आणि तेवढेच खडे त्याच्या माथ्यावर, पाण्याला न टेकवता रचा. दोन्हीकडे पाण्याची रेघ पेनाने आखा.

दगड काळा, घट्ट हवा. आम्ही पहिल्यांदा अंगणातल्या चिऱ्याचा तुकडा ठेवला. जांभाच तो! वितळलेलं पाणी स्वतःच पिऊन बसला, रेघ जेमतेम ओलांडली गेली आणि माझ्या व्याख्यानावर पाणी पडलं.

बर्फ वितळेपर्यंत अंदाज विचारा, कुठलं पाणी रेघेच्या वर जाईल? बहुतेक पोरं तरंगणाऱ्या खड्यांकडे बोट दाखवतात. होतं उलट. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो, म्हणून तो वितळला तरी पातळी जागच्या जागी. दगडावरचं पाणी मात्र नव्याने येऊन पडतं.

आता नावं सांगा. पहिलं भांडं म्हणजे आर्क्टिक समुद्रावरचा तरंगता बर्फ. दुसरं म्हणजे ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका, जिथे बर्फ जमिनीवर आहे. अंटार्क्टिकावर त्याची सरासरी जाडी सुमारे २ किलोमीटर. भारताची पहिली मोहीम १९८१ साली तिकडे निघाली ती आपल्या शेजारच्या गोव्याहून, हे ऐकून मुलं कान टवकारतात. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र जवळजवळ ७ मीटर चढेल, पण त्याला शतकानुशतकं लागतील, हे त्याच दमात सांगा. नाहीतर रात्री झोपायची पंचाईत.

२. काळं फडकं, पांढरं फडकं

'मग तरंगता बर्फ गेला तर बिघडलं काय?' हा प्रश्न येणारच. दोन फडकी उन्हात पसरा, प्रत्येकावर एक खडा ठेवा. काळ्यावरचा आधी संपतो. पांढरा बर्फ ऊन परतवतो. तो गेला की खालचं काळं पाणी ऊन शोषून घेतं आणि आणखी तापतं.

३. कोकमाच्या आगळाची बाटली

लहान काचेच्या बाटलीत पाणी आणि रंगापुरतं आगळ काठोकाठ भरा. तोंडात स्ट्रॉ उभी धरून भोवती कणीक घट्ट लिंपा. बाटली कढत पाण्यात ठेवली की स्ट्रॉतला लाल रंग हळूहळू वर सरकतो. तापलेलं पाणी फुगतं. समुद्र चढण्यामागे वितळणाऱ्या बर्फाइतकंच हेही मोठं कारण आहे, आणि मोठ्यांनाही ते सहसा माहीत नसतं.

समुद्र कशामुळे तापला, हे सांगायला गोधडीची उपमा पुरे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड पृथ्वीवरची गोधडी जाड करत चालला आहे.

४. नको ते जोडू नका

अमावास्या-पौर्णिमेचं उधाण दाखवून 'बघ, समुद्र वाढला' म्हणू नका. ती चंद्रसूर्याची ओढ. दोन दिवसांनी मूल तुम्हाला खोटं पाडेल. २०२० चं 'निसर्ग' नावाचं चक्रीवादळही थेट ध्रुवावरच्या बर्फाच्या माथी मारू नका. तापलेला समुद्र वादळाला बळ देतो, एवढं पुरे.

५. 'आपलं घर बुडणार?'

थाप मारू नका, घाबरवूही नका. १९०१ ते २०१८ या काळात जगातला समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण एक वीत, आणि आता चढायचा वेग वाढलाय. ओहोटीच्या वेळी मुलांना खारबंधाऱ्यावर न्या. उधाणाचा ओला डाग जिथवर पोचलाय, तिथून वर तुमची एक वीत मोजायला लावा. तेवढं पाणी चढलं तर ते आधी कुठल्या खाचरात शिरेल, हे मुलं न विचारता दाखवतात.